एअर-कूल्ड ९११ चं ऑइल कसं बदलायचं

पुण्यात आमच्याकडे मारुती ८०० होती. रविवारी सकाळी बाबा बोनेट उघडून ऑइलची पट्टी बघायचे. गाडी रात्रभर उभी, इंजिन थंडगार. पट्टी काढायची, जुन्या बनियनच्या तुकड्याला पुसायची, परत घालायची, काढून उजेडात धरायची. दोन खुणांच्या मध्ये तेल दिसलं की बोनेट बंद आणि चहा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पुढे श्टुटगार्टला स्थायिक होऊन १९८६ ची पोर्शे ९११ कॅरेरा ३.२ घेतली, तेव्हा तिचं तेलही मी बाबांच्याच पद्धतीने बघितलं. इंजिन थंड, बंद. पट्टी कोरडी ठणठणीत. धाबं दणाणलं, दोन लिटर तेल ओतलं आणि निघालो. अर्ध्या तासाने आरशात बघतो तर मागे निळा धूर, आणि मागची गाडी दिवे मारतेय.

गाडी ठणठणीत होती, चूक माझी होती. या इंजिनाला ड्राय सम्प असतो आणि त्यात तेल मोजायची रीत नेमकी उलटी आहे. तेल काढणं आणि ओतणं हे कुणीही तासाभरात शिकेल. ते किती झालं हे ओळखणं, खरं काम ते. म्हणून आधी थोडं समजून घ्या, मग पान्याला हात लावा.

साध्या गाडीत तेल इंजिनाच्या तळाला, परातीसारख्या भांड्यात साठतं आणि पंप तिथूनच ते उपसतो. जोरात वळण घेतलं की तेल एका बाजूला पळतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंग कोरडी पडतात. स्पोर्ट्स कारला हे परवडत नाही. म्हणून ९११ मध्ये तेल इंजिनाखाली साठवतच नाहीत, तळ कोरडा ठेवतात. ड्राय सम्प म्हणजे हेच. पंपाचे दोन भाग असतात. एक भाग इंजिनाच्या तळाशी ओघळलेलं तेल सतत ओढून एका वेगळ्या टाकीत पाठवतो, दुसरा त्या टाकीतलं तेल दाबाने बेअरिंगना पुरवतो. टाकी उंच असल्याने वळणावर तेल हिंदकळलं तरी पंपाला ते मिळत राहतं. शिवाय या इंजिनात पाणी नाही, पंख्याची हवा आणि तेल यांच्यावरच ते थंड राहतं. त्यामुळे तेलही भरपूर लागतं. मारुतीचं तीनेक लिटरमध्ये भागायचं, इथे सगळं मिळून साधारण १३ लिटर.

मी लिहितोय ते कॅरेरा ३.२ बद्दल, म्हणजे १९८४ ते १९८९ या मॉडेल वर्षांच्या गाड्या. टाकी उजव्या मागच्या चाकाच्या पाठीमागे, मडगार्डच्या आत. १९७२ च्या मॉडेलात ती चाकाच्या पुढे नेली होती आणि तेल भरायचं झाकण बाहेरून, उजव्या दरवाजामागे दिलं होतं. पेट्रोल पंपावरचे लोक त्यात पेट्रोल ओतायला लागले, तेव्हा १९७३ ला मुकाट्याने जुनी जागा परत आली. तुमच्याकडे ९९३, म्हणजे शेवटची एअर-कूल्ड ९११, असेल तर फिल्टर दोन आहेत हे ध्यानात ठेवा. त्यानंतरच्या वॉटर-कूल्ड कॅरेरांमध्ये साठा इंजिनाच्या अंगातच असतो, त्यांना पुढचं सगळं जसंच्या तसं लावू नका. गाडीचं मॅन्युअल शेवटचा शब्द.

जमवाजमव

तेल १२ लिटर आणा. बदलताना साधारण १० लिटर निघतं. उरलेलं तीनेक लिटर पुढच्या उजव्या मडगार्डमधल्या कूलरमध्ये आणि तिथवर जाणाऱ्या पाइपांत अडकून राहतं, ते राहू द्या. तेल २० डब्ल्यू ५० किंवा १५ डब्ल्यू ५०, जुन्या एअर-कूल्ड इंजिनांना चालेल असं. आजच्या नव्या गाड्यांचं पाण्यासारखं पातळ तेल यात घालू नका. ब्रँडवरून लोक हमरीतुमरीवर येतात, मी त्यात पडत नाही. जाडी बरोबर असावी आणि वेळेवर बदलावं, बस. मी वर्षातून एकदा बदलतो, मग गाडी हजार किलोमीटर चाललेली का असेना.

बाकी एक फिल्टर, दोन नवीन वॉशर (ड्रेन बोल्ट दोन आहेत, एक इंजिनाला, एक टाकीला), फिल्टर सोडवायचा पट्टा, टॉर्क पाना, लांब नळीचं नरसाळं, चिंध्या, नायट्रिलचे हातमोजे. दोन्ही बोल्टांना एकच पाना लागेल असं धरून चालू नका. गाडी वर घेण्याआधी पाने लावून बघा, नाहीतर तेल सुटायच्या वेळी तुम्ही पान्यांच्या पेटीत उकिरडा उकरत बसाल.

आणि भांडं. दुकानात ऑइल बदलायचं म्हणून जो काळा ट्रे मिळतो तो पाच-सहा लिटरचा असतो, साध्या गाडीसाठी केलेला. एकट्या टाकीतूनच त्याहून जास्त तेल येऊ शकतं, आणि आलं की थांबवता येत नाही. पंधरा-वीस लिटरचा रुंद तोंडाचा टब घ्या. सिमेंट कालवायचं मोठं प्लास्टिकचं घमेलं मिळतं ना, तेही उत्तम.

जर्मनीत राहत असाल तर हे काम घरासमोरच्या रस्त्यावर करू नका. तेलाचा थेंब मातीत किंवा गटारात गेला तर पाण्याच्या प्रदूषणाचा गुन्हा होतो आणि खिडकीतून बघणाऱ्या शेजारच्या आजी फोन करायला कचरत नाहीत. इथे मीटवेर्कश्टाट असतात, म्हणजे तासावर भाड्याने मिळणारी गॅरेजं. लिफ्ट मिळते, तेल सांडलं तरी फरशी तशी बनवलेली असते, आणि बोल्ट हलत नसेल तर शेजारच्या लिफ्टखालचा माणूस आपणहून सल्ला देतो, न विचारता. तेल घेतल्याची पावती जपून ठेवा. ती शेवटी लागणार आहे.

गरम करून आणा

गॅरेजला जाताना थोडा लांबचा रस्ता घ्या, निदान २०-२५ मिनिटांचा. पुढच्या कूलरकडे जाणारा थर्मोस्टॅट साधारण ८५ अंशांच्या आसपास उघडतो. तो उघडला की तिकडचं तेलही फिरतं आणि साचलेली घाण सगळ्या तेलात मिसळते. गरम तेल पातळ होऊन चांगलं निथळतं. पण पोहोचल्याबरोबर बोल्ट सोडू नका, ते तेल कातडी सोलेल आणि सायलेन्सरजवळ कोपर टेकलं तर वेगळंच. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात लिफ्टचे हात नीट लावून घ्या.

इथे एक जागा सांभाळायची. पुढच्या कूलरकडे जाणारे तेलाचे पाइप गाडीच्या उजव्या कडेने, दरवाजाखालून जातात. लिफ्टचा रबरी गट्टू घाईत तिथे टेकला तर पाइप चेपतो, आणि तो पाइप बदलणं म्हणजे गंजलेल्या नटांशी दोन दिवसांची कुस्ती. गट्टू जॅकसाठी दिलेल्या जागेवरच बसवा. वाकून डोळ्यांनी बघा, अंदाजाने नको. घरी जॅकवर करत असाल तर गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली जायचं नाही, आणि इंजिनाच्या तळाला जॅक लावायचा नाही.

तेल काढणं

आधी टाकी. उजव्या मागच्या चाकाच्या मागे, खालच्या बाजूला तिचा बोल्ट दिसतो. पाना लावून पाव फेरा सैल करा, मग पाना बाजूला ठेवून बोटांनी फिरवा. फिरवताना बोल्ट वर दाबून धरा म्हणजे शेवटचा आटा सुटेपर्यंत तेल अडून राहतं. मग झटकन हात बाजूला. पहिली धार सरळ खाली येत नाही, तिरकी, हातभर पुढे जाते. टब बोल्टाच्या बरोबर खाली ठेवला असेल तर पहिला अर्धा लिटर फरशीवर. टब धारेच्या दिशेला थोडा पुढे ठेवा आणि धार मंदावेल तसा मागे ओढा.

टाकी निथळतेय तोवर टब न हलवता दुसरा बोल्ट सोडायचा मोह होतो. नको. एका वेळी एकच धार. टाकी थेंबथेंब झाली की तिचा बोल्ट तात्पुरता हाताने लावा आणि मग इंजिनाच्या तळाकडे वळा. तिथून थोडंच येतं, पण बराच वेळ येत राहतं. मी या वेळात कॉफी पितो. (याहून जुन्या ९११ मध्ये तळाला एक प्लेट आणि आत जाळी असते, तीही काढून धुतात. त्यासाठी तिची गॅस्केट वेगळी आणावी लागते.)

दोन्ही बोल्टांना आतून चुंबक असतो. ते चिंधीवर पुसा आणि चिंधी उजेडात धरा. काळसर, बोटांत काजळासारखी मऊ लागणारी पेस्ट असेल तर निश्चिंत राहा, इतक्या वर्षांच्या इंजिनात ती येणारच. नखाला टोचतील असे कण, चकाकणाऱ्या पातळ चकत्या किंवा मोडलेला तुकडा सापडला तर मात्र नवीन तेल भरू नका. तो तुकडा एका पुडीत बांधून ही इंजिनं उघडणाऱ्या माणसाकडे न्या. सोनेरी किंवा तांबूस चकाकी चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे टबातलं तेलही एकदा बॅटरीच्या उजेडात तिरकं करून बघा.

बोल्ट पुसून, नवीन वॉशर घालून, आधी हाताने दोन-तीन आटे व्यवस्थित बसवा. मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत. ‘अजून एक झटका, म्हणजे गळायचं नाही’ या विचाराने इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाचे आटे गेलेले मी पाहिलेत. तो एक झटका इंजिन उतरवायला लावू शकतो.

फिल्टर

फिल्टर इंजिनाच्या खणात उजवीकडे असतो, इंजिनातून टाकीकडे परतणाऱ्या तेलाच्या वाटेवर. खाली चिंध्यांचा चांगला बोळा ठेवा, काढताना तेल पडतंच. पट्ट्याने सैल करा, पुढे हाताने. जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबर निघाली का ते बघा. ती तिथेच चिकटून राहिली आणि वर नवीन बसवली तर दोन रिंगांमधून तेल भसाभस बाहेर येईल, तेही इंजिन चालू झाल्यावर. नव्या रिंगेला बोटाने तेल लावा, फिल्टर टेकेपर्यंत फिरवा आणि तिथून हाताने पाऊण फेरा. पाना नाही.

ओतणं

लिफ्ट खाली घ्या. तेल मागे, इंजिनाच्या खणातल्या उजव्या बाजूच्या तोंडातून टाकीत भरायचं. पहिल्या खेपेला ८ लिटर, सावकाश. मापाचं भांडं वापरा किंवा रिकामे डबे रांगेत लावत जा, नाहीतर बोलता बोलता मोजणी चुकते. ‘दहा निघालं म्हणून दहा ओतलं’ असं करू नका. किती निथळलं हे गाडी किती उतारावर होती, किती वेळ थांबलात यावर बदलतं.

सुरू करण्याआधीचा एक उपाय, सक्तीचा नाही पण मला आवडतो. डावीकडच्या सीटखाली डीएमई रिले असतो, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला आणि पेट्रोलच्या पंपाला वीज देणारा छोटा स्विच, तो उपसून काढा. आता चावी फिरवली की स्टार्टर इंजिन फिरवतो, पण ते पेटत नाही. दहा सेकंद फिरवा, थांबा, परत दहा सेकंद, ऑइल प्रेशरचा काटा जरा उचलेपर्यंत. मग रिले परत बसवून इंजिन सुरू करा. बेअरिंगना पहिला फेरा तेल मिळूनच होतो.

सुरू झाल्यावर लगेच रेस देऊ नका. प्रेशरचा काटा बघा, वाकून दोन्ही बोल्ट आणि फिल्टर बघा. थेंब दिसला तर इंजिन बंद. एखादा निळसर धुराचा झोत निघाला तर घाबरू नका. सिलिंडर आडवे आहेत, उभ्या गाडीत थोडं तेल त्यांत उतरतं.

मोजणं

माझी फजिती झाली ती इथेच.

इंजिन बंद झालं की टाकीतलं तेल पंपातून वाट काढत हळूहळू इंजिनाच्या तळाला उतरतं. चार दिवस उभ्या गाडीत बरंचसं तिथेच असतं. पट्टी मात्र टाकीत आहे, तळाला नाही. म्हणून ती कोरडी दिसते. इंजिन चालू असलं की पंप सगळं उपसून टाकीत परत टाकतो, आणि तेल गरम झालं की फुगतं. टाकीत खरोखर किती आहे हे तेव्हाच कळतं. नियम तीन शब्दांत बसतो: गरम, चालू, सपाट. यातला एक जरी चुकला तरी आकडा खोटा.

म्हणून आता गाडी बाहेर काढा आणि परत एक फेरी मारून या, तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून गरम करायचा शहाणपणा करू नका, धूर जीव घेतो. खरोखर सपाट जागा शोधा. मी आमच्या इथल्या सुपरमार्केटच्या पार्किंगमधली एक जागा हेरून ठेवली आहे, बाटली आडवी ठेवली तर घरंगळत नाही. दरवेळी तिथेच मोजतो, त्यामुळे निदान चूक झाली तरी दरवेळी सारखीच होते.

इंजिन आयडलवर, न्यूट्रल, हँडब्रेक. मागचं झाकण उघडा. शर्टाच्या बाह्या वर, घड्याळ, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा, कारण हातभर अंतरावर पंखा आणि त्याचा पट्टा फिरतोय. ऑइलचं झाकण उघडलं की इंजिनाचा आवाज बदलतो, ते अडखळतं, एखाद्या वेळी बंद पडेल असं वाटतं. हे बरोबर आहे. झाकण उघडल्याने इंजिनात जादा हवा शिरते. उलट काहीच फरक पडला नाही तर कुठेतरी आधीच हवा गळतेय असं समजा.

पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, दोन क्षण थांबा, काढा. गरम तेल पातळ असतं, भरभर ओघळतं, म्हणून पट्टी आडवी धरून लगेच वाचा. दोनदा वाचा. दोन वाचनं जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा. दोन खुणांमधलं अंतर लिटरभराहून जास्त आहे, त्यामुळे खालच्या खुणेच्या आसपास असाल तर अर्धा लिटर ओता, दोन मिनिटं जाऊ द्या, परत बघा. मी दोन खुणांच्या मध्याच्या किंचित वर थांबतो. वरच्या खुणेपर्यंत भरायचा अट्टहास करू नका. टाकीत जास्त झालेलं तेल वाफेच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं, तिथून इंजिनात आणि तिथून निळ्या धुरात. माझा एअर फिल्टर काढला तेव्हा तो तेलात बुचकळून काढलेल्या पोळीसारखा झाला होता. तुमचंही जास्त झालं तर इंजिन बंद करून, भरायच्या तोंडातून नळी टाकून हातपंपाने थोडं उपसून घ्या. बोल्ट परत सोडायची गरज नाही.

डॅशबोर्डवर सगळ्यात डावीकडे पेट्रोलच्या काट्याशेजारी तेलाच्या पातळीचाही काटा आहे. त्यावर फार विश्वास टाकू नका. तोही गरम इंजिनावर, आयडलला, सपाट जागेवरच काही बोलतो. गाडी पळताना तो खाली पडतो आणि नवखा माणूस हायवेच्या कडेला गाडी थांबवतो. चालत्या गाडीत बघायचा तो शेजारच्या डायलमधला प्रेशरचा काटा.

उरलेलं काम

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवा. ही इंजिनं तशीही कुठून ना कुठून घाम गाळतातच, पण टाकीच्या बोल्टाखाली किंवा फिल्टरखाली नवा डाग दिसला तर वॉशर बघा. शंभरेक किलोमीटरनंतर पातळी एकदा परत मोजा, त्याच जागी, त्याच पद्धतीने.

जुनं तेल नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरा. त्यात ब्रेक ऑइल, पेट्रोल, पाणी काहीही मिसळू नका, मिसळलेलं तेल कुणी घेत नाही. जर्मनीत ज्याने तेल विकलं त्याला तेवढंच जुनं तेल फुकट परत घ्यावं लागतं, फिल्टर आणि तेलकट चिंध्यांसकट. त्यासाठीच ती पावती. तारीख, किलोमीटर आणि शेवटी नेमकं किती लिटर लागलं हे वहीत लिहून ठेवा. माझ्या गाडीला गेल्या खेपेला साडेनऊ लागलं होतं. पुढच्या वेळी पहिले आठ ओतताना तो आकडा समोर असला की हात थरथरत नाही.